लिंबू धरणारी

आमच्या घरात लिंबाचं लोणचं बारा महिने असायचं आणि ते आवडीनं खाणारं कुणीच नव्हतं. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, रोज पहाटे चाळीमागच्या मोकळ्या जागेत दांडपट्ट्याचा सराव करायचे. विटेवर लिंबू ठेवायचं आणि फिरत फिरत येऊन पात्यानं त्याचे दोन भाग करायचे, अशी रोजची पाच लिंबं. कापलेली लिंबं फेकणं आईच्या जिवावर यायचं. मग कुळथाच्या पिठीवर लिंबू, सुकटीवर लिंबू, साध्या वरणातसुद्धा लिंबू, आणि उरलेल्याचं लोणचं. शाळेत मुली माझा डबा उघडण्याआधीच नाक मुरडायच्या. आज साठी ओलांडली तरी कुणाच्या लग्नात पानात लिंबाची फोड वाढली की मी आधी ती उचलून नीट बघते, मधोमध कापली आहे की नाही. सुनेला वाटतं, सासूबाईंना ही एक नवीनच खोड लागली. खोड जुनीच आहे, तिला कारणही आहे, आणि ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

आम्ही मालाड पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी बैठ्या चाळीत राहायचो. गिरणी बंद पडल्यावर आबा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत दिवसपाळीला वॉचमन झाले होते. बाहेर ते खाकी कपड्यातले वॉचमन आणि पहाटे दोन तास वस्ताद. पट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कोपरापर्यंत हात आत जाईल असा लोखंडी खोबळा असतो आणि त्याच्या पुढं चार फुटांचं लवलवतं पातं, दोन्ही बाजूंनी धारेचं. हात आत गेला की मनगट वळत नाही, फिरवायचा तो अख्खा खांदा. आबा पात्याला खोबरेल लावायचे आणि त्याचा वास त्यांच्या अंगाला दिवसभर असायचा. पातं फिरायला लागलं की भिंतीपलीकडून सूं सूं आवाज यायचा. त्या आवाजावर आई चहाचं आधण ठेवायची आणि आवाज थांबला की चहा गाळायची. घड्याळ आमच्याकडे होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे.

नऊ वर्षांची असल्यापासून मी आबांच्या खेळात लिंबू धरायचे. गणपतीत, शिवजयंतीला, मंडळांच्या कार्यक्रमात शेवटी हा प्रकार असायचाच. तळहात सपाट पुढं करायचा, त्यावर लिंबू, आणि आबा तीन गिरक्या घेऊन येणार. लिंबाचे दोन भाग जमिनीवर पडायचे आणि माझ्या हातावर रसाचा थेंब तेवढा राहायचा. गिरणगावात ज्या तालमीत आबा शिकले, तिथला एक नियम ते प्राणापलीकडे पाळायचे. धरणारा 'ये' म्हणेपर्यंत पट्टा उतरणार नाही. धरणाऱ्यानं मूठ मिटली तर खेळ तिथंच संपला. का मिटली, हे कुणी विचारायचं नाही, वस्तादानंसुद्धा नाही. सहा वर्षांत मी एकदाही मूठ मिटली नव्हती. "हिचा हात हलत नाही," असं आबा लोकांना सांगायचे. आबांकडून मला मिळालेलं कौतुक एवढंच. मला मात्र पट्टा शिकायचा होता. बाराव्या वर्षी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "पोरींना लाठी पुरे." मी रागावून दोन दिवस जेवले नाही. आईनं तिसऱ्या दिवशी मुद्दाम माझ्या आवडीची सोलकढी केली आणि माझा राग तिथं वाहून गेला. शिकायची इच्छा मात्र गेली नाही. आबा त्यांच्या थोरल्या शिष्याला, विश्रामला, आणि इतर मुलांना शिकवत तेव्हा मी ओट्यावर बसून पावलं पाठ करायचे.

आमची वस्तादांची संस्था कुठं जन्मली, असं हल्ली सत्कारांमध्ये विचारतात. मी 'अंधेरीत' एवढंच सांगते, कारण पुढचं सांगितलं तर पाहुण्यांना हसू येतं. अंधेरीच्या एका स्टुडिओत कुठल्याशा ऐतिहासिक सिनेमासाठी हत्यार चालवणारी माणसं हवी होती. आबा दोन दिवसांची रजा काढून गेले. सगळ्यांना एकाच मापाच्या खोट्या दाढ्या चिकटवल्या आणि एक पोरसवदा माणूस येऊन आबांना म्हणाला, "चाचा, इतना असली मत करो. थोड़ा डान्स जैसा करो ना." जेवणाच्या सुट्टीत सेटच्या मागं त्यांच्याशेजारी तशाच दाढीतले आणखी दोघं बसले होते. एक पंजाबचे करतारसिंग, गतका म्हणजे शिखांची लाठी-तलवार शिकवणारे, ज्यांच्या खऱ्या दाढीवर खोटी चिकटवली होती. दुसरे केरळचे एक किडकिडीत म्हातारे. तिकडं वस्तादाला गुरुक्कळ म्हणतात, तेच त्यांचं नाव आम्हाला पाठ झालं. तिघांनी जेवून हात धुतले आणि सेटवरच्या लाकडी तलवारी घेऊन एकमेकांना चाली दाखवायला लागले. आबा घरी आले तेव्हा हनुवटीवर डिंक तसाच होता. दारातूनच आईला म्हणाले, "अगं, आपल्या पट्ट्याची तिसरी चाल त्या केरळवाल्याकडे आहे! नाव वेगळं, पण पाऊल न् पाऊल तेच!" इतके खूश झालेले आबा मी त्याआधी पाहिले नव्हते.

आठ दिवसांत चाळीच्या टोकाला राहणाऱ्या नाईक मास्तरांच्या हातात कागद आले. निवृत्त शिक्षक, अक्षर मोत्यासारखं. देशभरातल्या अशा वस्तादांची एक संस्था काढायची ठरलं. पोस्टकार्डं गेली, उत्तरं आली. घोडं अडलं ते नोंदणीच्या कागदातल्या 'उद्देश' या रकान्यावर. मास्तरांनी लिहिलं होतं, 'प्राचीन युद्धकलांचे जतन व संवर्धन.' आबा म्हणाले, "मास्तर, जतन म्हणजे काय करायचं? बरणीत घालून ठेवायचं? आमच्या घरातल्या बरण्या तर लिंबांनीच भरल्यात." करतारसिंगांना स्पर्धा हव्या होत्या, गुण हवे होते, सरकारी मान्यता हवी होती. गुरुक्कळांना स्पर्धेचं नाव काढलेलं चालत नव्हतं. आबांना पट्टा शाळेत न्यायचा होता. शेवटी तो रकाना कोरा ठेवून ठरलं की एका रविवारी सगळ्यांनी कांदिवलीच्या एका शाळेच्या मैदानावर जमायचं, ज्यानं त्यानं आपली कला दाखवायची, मग सह्या करायच्या आणि अध्यक्ष निवडायचा. अध्यक्ष आबाच होणार, हे सगळे धरून चालले होते.

त्याच सुमाराला आबा दाराच्या डाव्या चौकटीला धडकायला लागले. एकदा झालं, हसलो. चौथ्यांदा झालं तेव्हा मीच त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. "काचबिंदू आहे. कडेचं दिसणं गेलंय, समोरचंही धूसर व्हायला लागलंय. गेलेलं परत येत नाही. आहे ते टिकवायचं. काम काय करता?" आबा म्हणाले, "वॉचमन." पट्ट्याचं नाव काढलं नाही. बसस्टॉपवर आल्यावर माझा खांदा दाबून म्हणाले, "आईला सांगायचं नाही. विश्रामलाही नाही. डोळे गेलेला वॉचमन कोण ठेवील? संस्था उभी राहू दे, मग बघू."

"आणि लिंबू?" मी विचारलं.

"लिंबू समोर असतं. समोरचं दिसतं मला."

पंधरा वर्षांची होते. आबांनी सांगितलं ते खरं मानायची सवय होती. औषधाची बाटली मी माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत दोन दोन थेंब घालायचे. आईला सांगितलं, पापणीवर आंजणी आलीय.

रविवार महिन्यावर आला आणि एका सकाळी मी पाटी घेऊन लिंबं गोळा करायला गेले. एका लिंबाची नुसती साल निघाली होती, रुपयाएवढी चकती, बाकी लिंबू अख्खं. दुसऱ्या दिवशी विटेच्या कडेला नवी खाच. तिसऱ्या दिवशी पाचातली दोनच लिंबं कापलेली. आता पातं फिरायचं, थांबायचं, परत फिरायचं. आई आत आधणाशी उभी राहून कान देऊन ऐकत असायची, हे मला दिसत होतं. मग मी एक उद्योग सुरू केला. वाकडीतिकडी लिंबं मागच्या कुंपणापलीकडं टाकायची, दुसरी घ्यायची, मोरीत बसून विळीवर मधोमध कापायची आणि पाटीत ठेवायची. आई पाटी घ्यायची, एखादी फोड उचलून नाकाशी न्यायची आणि काही न बोलता लोणच्याच्या बरणीकडं वळायची. विळीवर लिंबू कापताना रोज माझ्या मनात एकच यायचं, की रविवारी विटेच्या जागी माझा हात असणार. मी आबांना म्हटलंसुद्धा, "या वेळी नुसते पट्ट्याचे हात करून दाखवा ना, लिंबू नको." ते म्हणाले, "लिंबाशिवाय पट्टा म्हणजे त्या स्टुडिओतला नाच."

रविवारी मैदानावर पाच राज्यांतले वस्ताद आले होते. करतारसिंगांनी गतका दाखवला, टाळ्या पडल्या. गुरुक्कळांनी तेल लावलेल्या अंगानं सापासारखं जमिनीलगत जाऊन दाखवलं. आबांचा सगळ्यात तयार शिष्य विश्राम, तिशीचा गडी, त्यानं लाठी फिरवली. मग आबा उतरले. सुरुवातीचे हात बघून मला क्षणभर वाटलं की सगळा खोटा त्रास मी करून घेतला. हवेत पट्टा फिरवायला डोळे लागत नाहीत, चाळीस वर्षं सरावलेला खांदा पुरतो. मग मास्तरांनी पुकारलं आणि मी तळहातावर लिंबू घेऊन उभी राहिले.

आबांनी तीन गिरक्या घेतल्या आणि समोर येऊन थांबले. ते माझ्या हाताकडं बघत नव्हते. त्यांची नजर माझ्या खांद्याच्या वर, कानापाशी कुठंतरी होती आणि हळूहळू खाली सरकत होती, चाचपडत. तेव्हा मला कळलं की ते 'ये' ऐकायला थांबलेत. माझ्या आवाजावरून ते हात शोधणार होते. "कुंदा, बोल," ते हलकेच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तळहातावरचं लिंबू थरथरलं. मी मूठ मिटली.

नियमाप्रमाणं आबांनी पट्टा खाली करून मुजरा करायचा आणि बसायचं. त्यांनी पातं खाली केलंही. पण मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी घाबरली!" आणि चारजण हसले. मला ते चालणार होतं. भित्री तर भित्री, जन्मभर म्हणा, आबांचं नाव राहील. मी मान खाली घालून उभी राहिले. तेवढ्यात विश्राम पुढं आला.

"काय गं हे? वाट लावलीस सगळ्याची. बाहेरची माणसं बघतायत ना!" त्यानं माझी बोटं सोडवून लिंबू काढून घेतलं, मला बाजूला सारलं आणि तळहात पुढं करून उभा राहिला. वस्तादाची लाज राखायची म्हणून वस्तादाचाच नियम त्यानं मोडला. वर छाती काढून मोठ्यानं ओरडला, "वस्ताद, मी आहे! ये!"

आबा आवाजाच्या दिशेनं वळले. पातं वर गेलं. मी ओरडले, "विश्रामदादा, हात काढ! आबांना दिसत नाही!"

विश्रामनं हात मागं घेतला की त्याचा हात आपोआप मागं गेला, हे तो पुढं कधी सांगू शकला नाही. लिंबू पडलं. पातं उतरलं तेव्हा तिथं काहीच नव्हतं. ते गेलं ते बरोबर त्याच्या मनगटाच्या जागेवरून. विश्राम तिथंच मातीत बसला आणि दुसऱ्या हातानं मनगट चाचपत राहिला. आबा पट्टा धरून उभे होते, मान किंचित वळवून. मग त्यांनी विचारलं, "लागलं का कुणाला?"

त्या एका प्रश्नानं सगळ्यांना सगळं कळलं. विश्राम त्यांच्या पायापासून दोन हातांवर बसला होता.

मला तिथून पळून जायचं होतं. बापाला चारचौघांत उघडं पाडलं होतं मी, आणि तेही परमुलखातल्या माणसांसमोर. आबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही नीट लिहिता येत नाही. राग असता तर बरं झालं असतं. मग गुरुक्कळ उठून आले. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "मेरा घुटना. चार साल से खराब. एक दाँव आज मैंने छोड़ दिया. किसी को मालूम नहीं पड़ा." ते आबांच्या शेजारी जमिनीवर बसले, बसताना गुडघ्याला हात लावून. करतारसिंग लांबून बघत होते. तेही आले. उजव्या कानाला हात लावून म्हणाले, "ये वाला बंद है. मेरे लड़के को भी नहीं पता."

नाईक मास्तर हातात कागद धरून उभे होते. त्यांनी गुरुक्कळांना विचारलं, "वो दाँव आपके यहाँ और किसको आता है?" गुरुक्कळांनी मान हलवली. कुणालाच नाही. मास्तर आबांकडं वळले. "आणि तुमची लिंबाची चाल?" विश्राम मातीतून म्हणाला, "मला नाही येत, मास्तर. वस्ताद म्हणायचे, अजून वेळ आहे."

शाळेच्या बाकावर बसून मास्तरांनी तो कोरा रकाना भरला. आधीची मोठाली वाक्यं खोडली आणि लिहिलं, 'आपल्याला जे येते ते हातपाय, डोळे शाबूत असताना दुसऱ्याला शिकवणे, मग तो मुलगा असो वा मुलगी. व त्यातले काही मागे न ठेवणे.' नंतर शिकलेल्या लोकांनी त्या मजकुराला भरपूर पॉलिश केलं, पण मूळ कागद माझ्याकडे आहे. अध्यक्ष करतारसिंग झाले. आबांनी सही केली, बोट धरून जागा दाखवावी लागली. जाताना एवढंच म्हणाले, "पहिला नियम लिहा. धरणाऱ्यानं मूठ मिटली की खेळ संपला. कारण विचारायचं नाही." आणि माझ्याकडं न वळता विश्रामच्या खांद्यावर हात ठेवून निघाले.

अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सकाळ-संध्याकाळ मान मागं टाकून बसायचे, मी थेंब घालायचे, ते उठून जायचे. भिंतीपलीकडचा आवाज बंद झाला होता आणि आईचा चहा कधी कच्चा, कधी करपट व्हायचा. आठवडाभरात बातमी अंधेरीला पोचली आणि नोकरीही गेली. माझ्या एका वाक्यानं गेली. लोक म्हणतात, एक हात वाचला ना. वाचला, खरं आहे. तरी खाकी कपडे घडी करून ट्रंकेत ठेवणारे आबाही मला आठवतात. आईनं डबे करून द्यायला सुरुवात केली. त्यात लोणचं असायचंच.

बाराव्या दिवशी पहाटे त्यांनी मला हाक मारली. "कुंदे, खोबळ्यात हात घाल. सैल होतोय का बघ." चांगलाच सैल होता. त्यांनी खाकी शर्टाची बाही फाडली आणि माझ्या हाताला गुंडाळली. त्या रविवारबद्दल ना ते बोलले, ना मी. पुढचं दीड वर्ष मी रोज पहाटे त्या पट्ट्याखाली घाम गाळला. त्यांना माझं पाऊल दिसत नसे, ते पात्याचा आवाज ऐकून चुका सांगायचे. "खांदा अर्धाच फिरला. परत." विश्राम शेजारी उभा राहून तीच चाल शिकायचा आणि माझ्या आधी दमायचा. हल्ली वर्गात फोमच्या काठ्या घेऊन येणारी पोरं दहा मिनिटांत पाणी मागतात, तेव्हा मला फार बोलायचं असतं, पण मी गप्प बसते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली. आबांनी ताटातलं एक लिंबू चाचपून उचललं, अंगणात आले आणि तळहात पुढं करून उभे राहिले. तोवर त्यांना उजेड तेवढा कळत होता. आई उंबऱ्यात उभी होती.

"आबा, विटेवर ठेवते ना," मी म्हटलं.

"ये," ते म्हणाले.

मी हलले नाही. ते थांबले. हात तसाच, जराही न हलणारा. मग जरा चिडूनच म्हणाले, "ये म्हटलं ना!"

मी तीन गिरक्या घेतल्या. पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आबांनी तळहात नाकाशी नेला, रसाचा वास घेतला आणि आत जाऊन पाटावर बसले.

आई अंगणात उतरली. तिनं दोन्ही भाग उचलले, पदरानं माती पुसली, एकमेकांवर ठेवून बघितले आणि नाकाशी नेले. ती मालवणकडची, मनातलं बोलायचं झालं की तिकडचंच बोलायची. "तेलाचो वास येता," ती म्हणाली. मला कळलं नाही. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पट्ट्याच्या लिंबाक खोबरेलाचो वास येता गो. त्या महिन्यात तू देय होतंस त्यातल्या बऱ्याच लिंबांक नाय इलो. माका तवाच समाजला."

म्हणजे विळीवर कापलेलं प्रत्येक लिंबू तिनं ओळखलं होतं. तिला माहीत होतं, आणि त्या रविवारी माझी वेणी घालून, कपाळाला कुंकू लावून तिनंच मला मैदानावर पाठवलं होतं. तिनं माझा उजवा हात धरला, उलटा करून तळवा बघितला, मधोमध अंगठा फिरवला.

"मीच आधी बोलूक होया होता," ती म्हणाली. मग आत जाऊन तिनं ती फोड आबांच्या पिठीवर पिळली.